परराज्यातली जुनी गाडी

बैल घ्यायला आपण खरसुंडीला जातो, पुसेगावला जातो. नांदेडकडची माणसे माळेगावच्या जत्रेला जातात. तिथे बैल बघताना आपण काय करतो? आधी तोंड उघडून दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, ते बघतो. विकणारा म्हणतो, "चार दाती आहे, पाटील." आपण म्हणतो, "असेल, पण दात बघू द्या." मग त्याला चालवून बघतो. खूर बघतो. शिंगे साळून, रंग लावून, अंगाला तेल चोळून म्हातारा बैल तरणा दिसतो, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून नुसती शिंगे बघून कोणी पैसे मोजत नाही.

पण हाच शहाणा माणूस जुनी मोटारगाडी घ्यायला गेला, की त्याला काय होते कोण जाणे! तो रंग बघतो. गाणी वाजतात का ते बघतो. किती किलोमीटर चालली तो आकडा वाचतो. आणि लगेच इसार देऊन मोकळा होतो.

गाडीलाही दात असतात. ते कुठे असतात आणि कसे बघायचे, ते या पाठात सांगायचे आहे.

समजा, दोघे भाऊ आहेत. टोमॅटो, वांगी, मेथी पिकवतात. तालुक्याच्या बाजारात माल न्यायला रोज दुसऱ्याच्या टेम्पोला भाडे देतात. टेम्पोवाला कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. पहाटेचा बाजार चुकला की मेथीची जुडी मातीमोल होते. म्हणून दोघांनी ठरवले, की आपलीच एक गाडी घ्यावी. नवी घेण्याची ऐपत नाही. एक म्हैस विकली, थोडी शिल्लक होती, थोरल्या वहिनींनी अंगावरचा दागिना काढून दिला. सगळे मिळून तीन लाख रुपये झाले. हे तीन लाख पुन्हा उभे राहायला किती वर्षे लागतील, ते तुम्हीच सांगा.

अशा वेळी कोणीतरी येऊन सांगतो, "अहो, परराज्यातली गाडी घ्या. इथल्यापेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त मिळते. मी आणून देतो." मग भाऊ विचारात पडतात.

गाडी स्वस्त का असते?

स्वस्त गाडीला कारण असते. ते कारण आधी शोधावे.

कधी कारण सरळ असते. दिल्लीचे उदाहरण घ्या. तिथली हवा फार बिघडली. तेव्हा २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने हुकूम दिला, की दिल्ली आणि भोवतालच्या भागात दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेलची गाडी आणि पंधरा वर्षांपेक्षा जुनी पेट्रोलची गाडी रस्त्यावर आणू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. २०२५ साली न्यायालयाने त्यात काही सूट दिली. पण मधल्या वर्षांत तिथल्या मालकांनी काय केले? चालत्या गाड्या भंगारात घालण्यापेक्षा दुसऱ्या राज्यात विकल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या चांगल्या होत्या. मालकाला तिथे ठेवता येत नव्हत्या, एवढेच.

कधी कारण कराचे असते. प्रत्येक राज्याचा वाहनकर वेगळा. त्या राज्यात कर कमी भरलेला असतो, म्हणून गाडीची किंमत कमी दिसते. ती गाडी आपल्या राज्यात आणली की इथला कर भरावा लागतो. म्हणजे स्वस्ताई हद्दीपलीकडेच राहिली. कोल्हापूर-सोलापूरकडे कर्नाटकातली गाडी येते. नंदुरबार-नाशिककडे गुजरातची येते. नांदेडकडे तेलंगणाची येते. सगळीकडे हिशेब तोच.

आणि कधी कारण वाईट असते. गाडी पुरात बुडालेली असते. अपघातात चेपलेली असते. तिच्यावर कर्ज असते. नाहीतर ती चोरीची असते. अशी गाडी तिच्या गावात कोणी घेत नाही. म्हणून ती लांब पाठवतात. जिथे तिला कोणी ओळखत नाही, तिथे ती येते.

ही गोष्ट आपल्याच देशात घडते असे समजू नका. जपानमधल्या जुन्या व्हॅन जहाजात चढून आफ्रिकेत केनिया देशात जातात. मोंबासा नावाच्या बंदरात उतरतात. तिथे त्यांत माणसे बसवून भाड्याने चालवतात. तिथल्या लोकांनाही हीच काळजी, की मीटरचा आकडा खरा का खोटा! केनियाच्या सरकारने आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणायला बंदी केली आहे. आपल्या देशात परदेशची वापरलेली गाडी आणण्याचे नियम फारच कडक आहेत आणि जकातही जबर आहे. त्यामुळे आपल्या खेडेगावात 'बाहेरची गाडी' म्हणजे परराज्यातली गाडी. कोणी तुम्हाला परदेशची जुनी व्हॅन स्वस्तात देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

मीटरचा आकडा

पूर्वीच्या मीटरमध्ये आकड्यांची चाके असत. ती मागे फिरवायला मीटर खोलावा लागे. आताच्या मीटरमध्ये आकडे दिव्यासारखे उमटतात. ते एका लहान यंत्राने थोड्या वेळात बदलता येतात. तीन लाखांचे सत्तर हजार होतात. बाहेरून काही कळत नाही. हे काम कायद्याविरुद्ध आहे. तरीही ते चालते.

तेव्हा आकडा वाचा, पण त्यावर विसंबू नका. आधी तोंडी हिशेब करा. भाड्याची गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर सहज चालते. वर्षाचे तीनशे दिवस धरा. दीडशे गुणिले तीनशे, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस हजार. गाडी आठ वर्षांची असेल, तर तीन लाख साठ हजार झाले. आणि मीटर सांगतो अठ्ठ्याहत्तर हजार! मग उरलेली वर्षे गाडी काय देवळात बसून होती?

आता दात बघा. गाडीत बसा. पायाखाली क्लचचा, ब्रेकचा पेडल असतो. त्यावर रबर असते. रबरावर रेघा असतात. थोडी चाललेली गाडी असेल तर रेघा शाबूत असतात. खूप चाललेली असेल तर रबर गुळगुळीत होते, एका कडेला झिजते. नवेकोरे रबर दिसले तर आणखी संशय घ्या. चाळीस हजार चाललेल्या गाडीचे रबर बदलायची वेळ कशाला येईल? तसाच हात स्टिअरिंगवरून फिरवा. जिथे चालकाचा हात रोज पडतो, तिथे ते चकचकीत झालेले असते. चालकाच्या सीटची दाराकडची कड दाबून बघा. रोज चढता-उतरता ती कड बसते. व्हॅनचे सरकते दार उघडून बघा. मधेच अडकते का, खाली लोंबते का? माल चढवण्या-उतरवण्यात ते दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. बाकी सगळे नवे केले तरी त्या दाराची कुरकुर बहुधा तशीच राहते.

टायरवर एक गंमत असते. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१९ असे आकडे आहेत. त्याचा अर्थ, तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी २०१७ सालची, मीटरवर अडतीस हजार, आणि चारही टायर २०२३ सालचे! मग विचारावे, "पहिले टायर कुठे गेले, दादा?" त्याचे उत्तर ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघावे.

अजून एक. गॅरेजवाले तेल बदलले की दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवतात. पुढचे तेल किती किलोमीटरला बदलायचे ते तिच्यावर लिहितात. मीटर मागे फिरवणारा कधी कधी ती चिठ्ठी काढायची विसरतो. कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातही गाडीच्या नंबरावरून जुनी नोंद मिळते. प्रत्येक वेळी गाडी आली तेव्हा किती किलोमीटर झाले होते, ते तिथे लिहिलेले असते. मालकाला बरोबर घेऊन ती नोंद मागावी. मालक टाळाटाळ करू लागला, की समजावे.

आता माझे मत सांगतो. खूप चाललेली गाडी वाईटच असते असे नाही. वेळच्या वेळी तेल बदललेले डिझेलचे इंजिन दोन-तीन लाख किलोमीटर जाते. मोठ्या सरळ रस्त्यावर एकाच चालकाच्या हाताखाली दोन लाख चाललेली आणि पावत्या जपून ठेवलेली गाडी मला पसंत आहे. मीटरवर साठ हजार दाखवणारी पण पावती एकही नसलेली गाडी मला नको. पहिलीचे वय कळते. दुसरीचे कळत नाही. वय कळले की पुढे काय काय बदलावे लागेल तेही कळते, आणि भाव त्याप्रमाणे पाडता येतो.

पहाटे जा, आणि दिवसा बघा

गाडी बघायला पहाटे जावे. आदल्या दिवशी सांगावे, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर त्याने आधीच चालू करून ठेवली आहे. थंडीत कुरकुरणारे इंजिन गरम झाले की शहाण्यासारखे वागते. आपल्याला त्याची कुरकुरच ऐकायची असते.

चालू करायच्या आधी तेलाचे झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखे पांढरट काही लागले असेल, तर इंजिनच्या तेलात पाणी मिसळत असण्याची शंका घ्यावी. हा मोठा खर्च आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडावे. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. आत पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तोच अर्थ.

मग गाडी चालू करायला सांगा आणि मागे उभे राहून धूर बघा. चुलीचा धूर बघून लाकूड ओले की वाळले ते आपल्या बायका सांगतात. तसेच हे आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. डिझेलच्या गाडीचा काळा धूर जात नसेल, तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येतो, त्याचे काही नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर पाणी आत जात असेल.

उजाडल्यावर गाडी उन्हात उभी करा. दिव्याखाली गाडी कधी बघू नये. कडेने डोळा लावून पत्रा बघा. एका दाराचा रंग दुसऱ्याहून किंचित वेगळा दिसतो का? दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद आहे का? खिशात एक लहान लोहचुंबक न्यावे. फडक्यात गुंडाळून पत्र्याला लावावे. लोखंडी पत्र्याला ते चिकटते. जिथे चिकटत नाही तिथे बहुधा पत्र्यावर लांबी भरली आहे. म्हणजे गाडी तिथे चेपली होती. दार थोडे चेपले असेल तर बिघडत नाही. पण पुढचा सांगाडाच वाकलेला असेल, तर गाडी रस्त्याला सरळ धावत नाही आणि टायर खाते.

मग खाली वाकून सांगाडा बघा. कोकणातली, गोव्याची, मुंबईची गाडी असेल तर जरा जास्तच वाका. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड खालून खाल्ले जाते. वरून रंग आणि खालून चाळण!

गाडी स्वतः चालवा. चालवता येत नसेल तर गावातला विश्वासाचा मिस्त्री बरोबर न्या. त्याला पाचशे-हजार रुपये आनंदाने द्या. विकणाऱ्याचा मिस्त्री नको. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी घाला. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, असे झाले तर क्लच संपला आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. मालाची गाडी असेल तर रिकामी चालवून काही कळत नाही. चार पोती टाकून चालवा.

गॅसवर चालणारी गाडी असेल तर एक गोष्ट विसरू नका. सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख टाकीच्या पट्टीवर असते. पट्टी नसेल किंवा मुदत संपली असेल, तर तपासणी झाल्याशिवाय त्या गाडीत लेकरांना बसवू नका.

पुरात बुडालेली गाडी

२००५ च्या जुलैत मुंबई बुडाली. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले. अशा प्रत्येक पुरात हजारो गाड्या पाण्यात जातात. पाणी ओसरते. गाड्या धुतात, वाळवतात, अत्तर फवारतात आणि लांब नेऊन विकतात. अशी गाडी सहा महिने बरी चालते. मग आतल्या तारा गंजू लागतात. आज दिवे जातात, उद्या गाडी मध्यरात्री घाटात बंद पडते. मिस्त्रीलाही दोष सापडत नाही.

हिची खूण सांगतो. सीटचा पट्टा असतो ना, तो पूर्ण बाहेर ओढा. अगदी शेवटपर्यंत ओढा. गाडी धुणारा सगळे धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचे शेवटचे टोक धुवायचे त्याच्या लक्षात येत नाही. तिथे चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का ते बघा. पायातले जाजम उचलून वास घ्या. गाडीत अत्तराचा फार घमघमाट असेल तर काचा लावून पाच मिनिटे आत बसा. कुबट वास लपत नाही.

गाडीचा सातबारा

आता कागद. इथे सांभाळून वाचा, कारण माणूस बहुतेक इथेच बुडतो.

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. नाव कोणाचे, बोजा कोणाचा, ते बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे तिचे नोंदणीपत्र. त्याला लोक आरसी बुक म्हणतात. त्यावर मालकाचे नाव असते. चॅसीचा नंबर आणि इंजिनचा नंबर असतो. कर्ज असेल तर बँकेचे नाव असते. तोच बोजा.

पहिले काम, नंबर जुळवणे. चॅसीचा नंबर गाडीच्या सांगाड्यावर लोखंडात ठोकलेला असतो. तिथली माती पुसा. कागदावरचा एक एक आकडा, एक एक अक्षर मोठ्याने वाचून जुळवा. वाचता येऊ लागले त्याचा इथे उपयोग! मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. आकडे कागदावर उमटतील. ओळ वाकडी आली, एखादा आकडा लहानमोठा दिसला, भोवतालचे लोखंड घासल्यासारखे वाटले, तर गाडी सोडून घरी या. एक शब्दही बोलू नका.

दुसरे काम, बोजा. नोंदणीपत्रावर बँकेचे नाव असेल तर मालक म्हणतो, "कर्ज फेडलंय हो, नाव काढायचं राहिलंय." खरेही असेल. पण बँकेचा दाखला आणि तिची सही असलेला पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बँक बोजाची गाडी रस्त्यातून ओढून नेते. तेव्हा तुम्ही किती रुपये दिले ते ती विचारत नाही.

तिसरे काम फक्त परराज्यातल्या गाडीला लागते. ते म्हणजे ना हरकत दाखला. गाडी जिथे नोंदली आहे, तिथल्या आरटीओ कार्यालयाने तो द्यायचा असतो. कर थकलेला नाही, गाडी चोरीची नाही, ती दुसरीकडे नेण्यास हरकत नाही, असा त्याचा अर्थ. याचा फॉर्म अठ्ठावीस नंबरचा. तो दाखला कोणत्या कार्यालयासाठी दिला आहे तेही त्यावर असते. तुमचे गाव बारामती कार्यालयाखाली, आणि दाखला नांदेडच्या नावाचा, असे असेल तर हेलपाटे सुरू झाले म्हणून समजा. इसार देण्याआधी आपल्या कार्यालयात जाऊन दोन प्रश्न विचारावे. "ही एवढ्या वर्षांची गाडी इथे नोंदून घ्याल का? आणि तिचा कर किती होईल?" खिडकीवरचा माणूस कधी त्रासिक बोलतो. बोलू दे. आकडा कागदावर लिहून घ्या.

दलाल सांगेल, "कशाला नोंद बदलता? त्याच नंबरावर चालवा." हे ऐकू नका. परराज्याच्या नंबरावर गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथे नवा नंबर घ्यावा लागतो, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. आणि गाडी विकत घेतल्यावर तीस दिवसांच्या आत घेणाऱ्याने आपल्या कार्यालयात कळवायचे असते. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म त्यासाठी असतात. त्यांवर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या. तो एकदा हजार मैल दूर आपल्या गावी गेला, की सहीसाठी तुम्ही कुठे शोधणार?

जमिनीचे खरेदीखत झाले तरी फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर नाव लागत नाही. गाडीचेही तसेच आहे. पैसे दिले, किल्ली घेतली, पेढे वाटले, तरी नोंदणीपत्रावर नाव जुन्याचेच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. तुमच्यापैकी कोणी आपली जुनी गाडी विकली असेल आणि नाव अजून तुमचेच असेल, तर हे वाक्य पुन्हा वाचा. ती गाडी आज कोण चालवतो, कशी चालवतो, तुम्हाला ठाऊक आहे का?

विमासुद्धा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. त्याला चौदा दिवसांची मुदत आहे.

हातात मोबाईल असेल तर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघता येते. मालकाच्या नावातली काही अक्षरे झाकलेली असतात. पण नोंदणीची तारीख, विमा, योग्यतेच्या दाखल्याची मुदत हे दिसते. पोलिसांनी केलेले दंड थकले आहेत का तेही मोबाईलवर बघता येते. घरातली शाळेत जाणारी मुलगी हे पाच मिनिटांत करून देईल. तिला बोलवा.

पाटी पिवळी असेल तर गाडी भाड्याची किंवा मालाची. पांढरी असेल तर खाजगी. आपल्या भावांना भाजी न्यायची आहे. त्यांनी माल वाहण्यासाठी नोंदलेलीच गाडी घ्यावी. माणसांच्या गाडीच्या सीटा काढून पोती भरण्याची चाल आपल्याकडे आहे, पण ती कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला निमित्त मिळते. मालाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तिला पर्यावरण करही लागतो. चालवायला मात्र वेगळा परवाना नको. हलक्या वाहनाचा परवाना असला तर साडेसात हजार किलोपर्यंतची मालाची गाडी चालवता येते, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केले.

पैसे कसे द्यावे

तीन लाख आहेत म्हणून तीन लाखांची गाडी घेऊ नये. माझा हिशेब असा, की शंभरातले सत्तर गाडीला, तीस मागे. म्हणजे भावांनी दोन लाख दहा हजारांपर्यंतची गाडी बघावी. उरलेले नव्वद हजार कर, विमा, नोंदणी, टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक यांना लागतात. खूप चाललेली जुनी गाडी पहिल्या वर्षी खर्च मागतेच. पैसे मागे नसले तर ती दारात उभी राहते, आणि माल पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोत जातो.

रोजचा खर्चही आधी मांडावा. बाजार जाऊन-येऊन साठ किलोमीटर आहे. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते. म्हणजे रोज चार लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर तीनशे साठ झाले. आज टेम्पोला भाडे किती देता? दोन्ही आकडे शेजारी लिहा. थोरल्या वहिनींनी हेच विचारले तर त्यांना "तुला काय कळतंय" म्हणू नये. दागिना त्यांचा आहे.

रोख पैसे देऊ नका. बँकेतून, नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्या. दलालाच्या खात्यात नको. इसार थोडा द्यावा आणि पावती घ्यावी. पावतीवर गाडीचा नंबर, चॅसीचा नंबर, ठरलेली किंमत आणि 'कागद न जुळल्यास इसार परत' असे लिहून घ्यावे. २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला आरटीओची परवानगी घ्यावी लागते. ती दाखवायला सांगावे. मोबाईलवर जाहिरात बघून कोणी म्हणाला, "मी फौजी आहे, बदली झाली, गाडी पाठवतो, आधी पैसे पाठवा," तर पाठवू नका. या युक्तीने पुष्कळ लोक फसले आहेत. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

नवे नोंदणीपत्र झाले की ते टपालाने घरी येते. ते आले की लगेच कपाटात ठेवू नका. आपले नाव, गावाचे नाव आणि चॅसीचा नंबर, पेन्सिलीने उमटवलेला तो कागद शेजारी ठेवून पुन्हा एकदा वाचा. एक अक्षर जरी चुकले असेल, तर त्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन दुरुस्त करून घ्या.